चारशे खेळांच्या डब्यात काय असते?



आज ज्या वस्तूविषयी लिहायचे आहे तिला घरखर्चाच्या वहीत ठरलेली जागा नसते. वाण्याचे बिल, लाइटचे बिल, शाळेचा खर्च, म्हाताऱ्या माणसांची औषधे हे सगळे लिहून झाले आणि खाली एखादी ओळ उरली तर ती तिथे बसते, नाही तर बसतच नाही. ती वस्तू म्हणजे मुलांनी हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमचा सेट. जयंतीचे नवे कपडे झाले, परीक्षा संपली, निकाल बरा लागला की मूल हळूच विषय काढते. आधी आईकडे, मग वडिलांकडे.

किहीमच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा हट्ट जरा जास्तच ओळखीचा आहे. शनिवार आला की मुंबईची माणसे मांडव्याच्या धक्क्यावर उतरतात आणि चोंढीवरून किहीमकडे गाड्यांची रीघ लागते. सुरूच्या बनात सतरंज्या पडतात. मोठी माणसे समुद्र बघतात आणि त्यांची मुले हातातल्या पडद्यात मान घालून बसतात. आमच्यापैकी कुणाची आई त्याच पाहुण्यांच्या बंगल्यावर भांडी घासते, कुणाचे वडील वाडीत नारळ उतरवतात, कुणाचा भाऊ रिक्षा चालवतो. आईबरोबर बंगल्यावर गेलेल्या मुलाला पाहुण्यांच्या मुलाच्या हातातला सेट दिसतो. तो पन्नास हजारांचा की पाचशेचा हे त्याला कळत नाही. आपल्यालाही तो हवा, एवढे मात्र पक्के कळते.

मुलाला खेळावेसे वाटते यात वाईट काही नाही. दिवसभर राबणाऱ्या घरातल्या मुलानेही तासभर गंमत करावी. प्रश्न पैशांचा आहे आणि पैसे कष्टाचे आहेत. म्हणून ही वस्तू घ्यावी की नाही हे सांगत बसण्यापेक्षा, घ्यायचीच झाली तर ती पारखावी कशी, एवढेच आज सांगायचे ठरवले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : स्वस्त वस्तू घेण्यात कमीपणा नाही. बनवणाऱ्याने काटकसर कुठे केली, हे मात्र बघून घ्यावे. काही काटकसर गिऱ्हाइकाच्या सोयीची असते. काही काटकसर 'गरिबाच्या मुलाला काय, काहीही चालेल' अशा हिशोबाने केलेली असते. दोन्ही वस्तूंची खोकी मात्र सारखीच चकचकीत असतात.

जुनी ओळख

आज ज्यांची मुले हा हट्ट धरतात त्या आई-वडिलांनी स्वतः लहानपणी 'ब्रिक गेम' पाहिलेला आहे. १९९० च्या दशकात तो जत्रेत, स्टेशनबाहेर, फुटपाथवर सगळीकडे मिळायचा. दोन पेन्सिल सेल, करडा पडदा, वरून पडणाऱ्या विटा. त्या विटांचा मूळ खेळ म्हणजे 'टेट्रिस'. मॉस्कोतील अलेक्सी पाजितनोव्ह या संगणक अभियंत्याने तो १९८४ साली तयार केला होता. ब्रिक गेमच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ९९९९ खेळ असे छापलेले असायचे. खरे खेळ मोजून काही थोडेच. त्यांचाच वेग बदलायचा, पातळी बदलायची आणि प्रत्येक बदल नवा खेळ म्हणून मोजायचा. पडदाही कसला, तर आडवे दहा आणि उभे वीस असे दोनशे चौकोन. एवढ्यात ९९९९ खेळ मावतील कसे, असे त्या वेळी दुकानदाराला कुणी विचारले नाही.

तरीही त्या डब्याला नावे ठेवता येणार नाहीत. दोन सेलवर तो आठवडेच्या आठवडे चालायचा, हातातून पडला तरी फुटायचा नाही. खोक्यावरचा आकडा फसवा होता, पण वस्तू टिकाऊ होती. हे दोन्ही एकाच डब्यात असू शकते, एवढे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

काटकसर कुठे केली?

जपानच्या निन्टेंडो कंपनीने एप्रिल १९८९ मध्ये 'गेम बॉय' नावाचा सेट काढला. त्यामागे गुनपेई योकोई हे अभियंते होते. जुने झालेले, स्वस्त झालेले, पण नीट तपासून सिद्ध झालेले सुटे भाग घ्यायचे आणि डोके लावून ते नव्या कामाला जुंपायचे, हे त्यांचे तत्त्व. गेम बॉयचा पडदा रंगीत नव्हता, हिरवट रंगाच्या चार छटा एवढेच. पडद्यामागे दिवाही नव्हता. पुढल्याच वर्षी सेगा कंपनीचा 'गेम गिअर' आला. त्याला रंगीत पडदा आणि मागून उजेड. दुकानात शेजारी शेजारी ठेवले तर कुणीही गेम गिअरकडेच बोट दाखवील.

पण घरी नेल्यावर काय? गेम गिअर सहा सेल खायचा आणि तीन ते पाच तासांत मान टाकायचा. गेम बॉय चार सेलवर दहा-पंधरा तास चालायचा. मुलाच्या हातात सेट असतो, सेलचे पैसे मात्र घरातून जातात. पुढे गेम बॉय, त्याच्या रंगीत आवृत्तीसह, जगात ११ कोटींहून अधिक खपला. गेम गिअर त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास राहिला. योकोईंनी पडद्यावर काटकसर केली, ती सेल वाचावेत म्हणून. गिऱ्हाइकाला ती सोयीची पडली.

आता दुसरे उदाहरण घरचे घेऊ. ५ ऑक्टोबर २०११ रोजी नवी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी 'आकाश' टॅब्लेट देशापुढे ठेवली. विद्यार्थ्यांसाठी जगातली सर्वांत स्वस्त टॅब्लेट असा तिचा गाजावाजा झाला. सरकारला ती सव्वादोन हजार रुपयांच्या आसपास पडत होती आणि विद्यार्थ्याला त्याहून बरीच कमी किमतीत मिळणार होती. हेतू चांगला होता. खेडोपाडीच्या मुलाच्या हातात संगणक यावा हे कुणाला नको आहे?

पण आत काय होते? ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २१०० एमएएचची बॅटरी आणि दाबून चालणारा पडदा. या जातीच्या पडद्यात दोन पातळ थर असतात. बोट जोराने दाबले की ते एकमेकांना टेकतात आणि बोट कुठे आहे हे यंत्राला कळते. त्यामुळे हलक्या बोटाने चालत नाही आणि दोन बोटे ठेवली की साधा दाबपडदा गोंधळतो. टॅब्लेट मंद आहे, पडदा नीट ऐकत नाही, बॅटरी पुरत नाही अशा तक्रारी आल्या. मग काम मुंबईच्या पवई आयआयटीकडे आले, प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने ते पुढे गेले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश-२' सादर झाली. तिच्यात १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम आणि हलक्या स्पर्शाने चालणारा पडदा होता. हा पडदा बोट टेकताच विद्युतभारात होणारा बदल ओळखतो, दाबावे लागत नाही.

आणि सरकारला पडणारी किंमत? पुन्हा सव्वादोन हजारांच्याच आसपास. वर्षभरात सुटे भाग स्वस्त झाले हे खरे. तरीपण ज्यांच्या हातात ही वस्तू जाणार त्यांच्या तक्रारी ऐकल्या आणि त्याच पैशांत पडदा बदलला, प्रोसेसर बदलला, हेही खरे. स्वस्त वस्तू मंदच असणार आणि गरिबाने तेवढ्यावर समाधान मानावे, या समजुतीला हे पवईचे उत्तर होते. बाजारात गेल्यावर आम्हाला याच उत्तराची आठवण ठेवायची आहे.

बाजारात आज काय मिळते?

ढोबळमानाने तीन प्रकार सांगता येतील.

पहिला प्रकार चार-पाचशे रुपयांपासून मिळणारा छोटा डबा. खोक्यावर चारशे खेळ, पाचशे खेळ असे लिहिलेले. पडदा सुमारे तीन इंचांचा. आत जी चिप असते ती बहुधा निन्टेंडोने १९८३ साली जपानात आणलेल्या 'फॅमिकॉम' या यंत्राची नक्कल असते. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे यंत्र एका चिमुकल्या तुकड्यात. खेळ मोजायला बसलात तर तोच खेळ दोन-दोन, तीन-तीन नावांनी येतो. बरेचसे खेळ मूळ कंपनीची परवानगी न घेता भरलेले असतात, हेही माहीत असू द्यावे. नव्या खेळांची यात आशा करू नये. पण त्याला इंटरनेट लागत नाही, जाहिराती येत नाहीत, आईच्या मोबाइलमधून पैसे कापले जात नाहीत. लहान मुलासाठी हा गुण मोठा आहे.

दुसरा प्रकार तीन-चार हजारांच्या घरातला. 'आर ३६ एस' हे नाव यात अलीकडे बरेच ऐकू येते. साडेतीन इंचांचा पडदा, त्यावर ६४० गुणिले ४८० ठिपके, चार गाभ्यांचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, खेळ ठेवायला वेगळे मेमरी कार्ड आणि अंगठ्याने फिरवायच्या दोन दांड्या. जुन्या काळातले बरेच खेळ यावर नीट चालतात. याच नावाने नकलाही विकल्या जातात. बाहेरून सारख्या, आत पडदा किंवा चिप हलकी.

तिसरा प्रकार म्हणजे बटणांची टॅब्लेट. मोबाइलसारखाच अँड्रॉइडवर चालणारा, सात इंचांच्या आसपास पडदा आणि दोन्ही बाजूंना बटणे. २०१२ साली फ्रान्सच्या आर्कोस कंपनीने 'गेमपॅड' नावाने अशी टॅब्लेट जाहीर केली. चीनची जेएक्सडी कंपनीही त्याच सुमारास तसल्याच टॅब्लेट काढत होती. त्यांत दोन गाभ्यांचा प्रोसेसर, १ जीबी रॅम, ८ जीबी साठवण असे. एकाच यंत्रावर खेळ, गाणी, पुस्तक, अभ्यासाचा व्हिडिओ सगळे होते म्हणून हा प्रकार आई-वडिलांना पटतो. मात्र जुने, वापरलेले यंत्र कुणी स्वस्तात देऊ केले तर अँड्रॉइड कोणत्या सालचे आहे ते आधी बघा. फार जुन्या अँड्रॉइडवर आजची बरीचशी अ‍ॅप चालतच नाहीत. अभ्यासासाठी म्हणून घेतलेले यंत्र मग नुसते खेळण्यापुरते उरते.

चौथी वाट दुकानदार सांगणार नाही, ती आम्ही सांगतो. घरात काच तडकलेला, बाजूला पडलेला जुना मोबाइल असेल तर त्याचा प्रोसेसर पाचशे रुपयांच्या डब्याहून कितीतरी तेज असतो. त्याला ब्लूटूथने जोडायची बटणांची मूठ वेगळी मिळते. सिमकार्ड काढून ठेवा, इंटरनेट बंद करा आणि इंटरनेटशिवाय चालणारे दोन-चार खेळ मोठ्या माणसाने भरून द्या.

खोके उघडून बघायच्या गोष्टी

खोक्यावरचा खेळांचा आकडा सोडून द्या. पुढल्या पाच गोष्टी बघा.

पहिली, पडदा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे छान दिसतात. सेट बाहेर उजेडात न्या. तो डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून बघा. तिरके पाहिल्यावर रंग उलटे दिसू लागले किंवा चित्र काळवंडले तर पडदा हलका आहे. आयपीएस जातीच्या पडद्यात तसे होत नाही. मूल मान वाकडी करून खेळणार की सरळ बसून, हे या एका गोष्टीवर बरेचसे ठरते.

दुसरी, बटणे. खेळाच्या सेटमध्ये सर्वांत जास्त मार बटणांनाच बसतो. प्रत्येक बटण वीसेक वेळा दाबून बघा. दाबल्यावर ते लगेच वर यायला हवे, कडेला अडकता कामा नये. डाव्या हाताचे अधिक चिन्हासारखे बटण तिरक्या दिशेने दाबूनही बघा. आत रबराचे पापुद्रे असतात आणि त्यांच्या तळाशी काळे ठिपके. ठिपका खालच्या पट्टीला टेकला की काम होते. ठिपके झिजले की बटण जोरात दाबावे लागते. दांडीवाला सेट असेल तर दांडी सोडून द्या आणि पडद्याकडे बघा. हात न लावता चित्र आपोआप एका बाजूला सरकू लागले तर तो सेट घेऊ नका.

तिसरी, बॅटरी. बॅटरीवरचा एमएएचचा आकडा म्हणजे पाण्याचा हंडा केवढा आहे ते. पडदा, प्रोसेसर आणि आवाज मिळून नळ किती मोठा सोडतात, त्यावर हंडा किती वेळ पुरेल ते ठरते. तीन हजारांची बॅटरी म्हणजे सुमारे ११ वॉट-तास. सेटला ३ वॉट लागत असतील तर साडेतीन तासांच्या आसपास खेळ. यापेक्षा फार मोठा दावा कुणी केला तर हिशोब विचारा.

छोट्या डब्यांत बहुतेक वेळा 'बीएल-५सी' या मापाची बॅटरी असते. ही आमच्या सर्वांच्या ओळखीची, नोकियाच्या जुन्या मोबाइलमधली. नोकियाच्या स्वतःच्या बॅटरीवर १,०२० च्या आसपास आकडा असे. त्याच मापाच्या बॅटरीवर तीन हजार छापलेले असेल तर तो आकडा छापखान्याचा समजावा. याच बॅटरीची दुसरी गोष्टही आठवणीत असू द्या. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने स्वतःच जाहीर केले की, एका पुरवठादाराने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांपैकी काही चार्जिंगच्या वेळी फार तापू शकतात. एवढ्या मोठ्या नावाच्या कंपनीच्या बॅटरीत असे घडू शकते, तर बिननावाच्या बॅटरीला उशीखाली घालून रात्रभर चार्जिंगला लावू नये, हे वेगळे सांगायला नको. फुगलेली बॅटरी वापरू नका, टोचू नका, कचऱ्यात किंवा चुलीत टाकू नका.

चौथी, चार्जिंगचे तोंड. आता पुष्कळ सेटना टाइप-सी तोंड असते. पण स्वस्त सेटमध्ये कधी कधी दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात. काही पैशांची ती बचत. परिणाम असा की दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली नवी वायर लावली तर सेट चार्जच होत नाही, एका टोकाला जुने चपटे यूएसबी असलेली वायरच लागते. सेट बिघडला म्हणून टाकून देण्याआधी वायर बदलून बघा. आणि मोबाइलचा मोठा जलद चार्जर न लावता साधा ५ व्होल्टचा वापरा.

पाचवी, मेमरी कार्ड. सेटबरोबर फुकट येणारे कार्ड बहुधा सर्वांत हलके असते. त्यावर ६४ जीबी लिहिलेले असते आणि आत त्याहून फारच कमी जागा निघते, असेही प्रकार होतात. ओळखीत कुणाकडे संगणक असेल तर कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचून पाहणारे मोफत प्रोग्रॅम मिळतात, त्यातून तपासून घ्या. पहिल्याच आठवड्यात कार्डाची एक नक्कल काढून ठेवली तर कार्ड मेले तरी सेट मरत नाही.

खाऱ्या हवेचा हिशोब

हे सगळे मुंबई-पुण्यातही लागू आहे. पण किहीमला आणखी एक गिऱ्हाईक प्रत्येक वस्तूवर हात टाकते, ते म्हणजे खारी हवा. खिडकीच्या गजांना, सायकलच्या साखळीला, पंख्याच्या स्क्रूला ती सोडत नाही. गेमच्या सेटला का सोडील? समुद्राच्या हवेतले मीठ ओलावा धरून ठेवते आणि तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. आमच्या आळीत उन्हाळ्याच्या सुट्टीत एका घरी फिरत्या स्टॉलवरून असा एक डबा आला. पावसाळा संपेपर्यंत तो चार्ज होईना. दुरुस्तीवाल्याने उघडून दाखवले तेव्हा बॅटरी ठीक होती, चार्जिंगच्या तोंडातल्या बारीक पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या. ब्रशने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ केल्यावर डबा पुन्हा चालू झाला. पाणी किंवा रॉकेल लावायचे नाही, एवढे त्याने बजावून सांगितले.

तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांनी इतके करावे. सेट वाळूत नेऊ नये. वाळूचा एक कण बटणाच्या कडेत गेला की बटण कायमचे कुरकुरते. खेळून झाले की कोरड्या कापडाने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवावा. औषधाच्या बाटलीत किंवा चपलांच्या खोक्यात येणाऱ्या, ओलावा शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या त्या डब्यात टाकाव्यात. त्या लहान मुलाच्या तोंडात जाणार नाहीत असे मात्र बघावे. खरेदी करताना चार्जिंगच्या तोंडाला रबरी झाकण असलेला सेट मिळाला तर तो घ्यावा. स्क्रूने उघडणारा आणि बॅटरी काढता येणारा सेट डिंकाने चिकटवलेल्या सेटपेक्षा केव्हाही बरा. चिकटवलेला सेट बिघडला की थेट भंगारात जातो, स्क्रूचा सेट दुरुस्तीवाल्याकडे जातो.

बॅटरीचे महत्त्वही किनाऱ्यावर वेगळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, झाडे आणि विजेचे खांब झोपले आणि रायगडात कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. त्याच वर्षी शाळा मोबाइलवर भरत होत्या. ज्या घरात एकच मोबाइल आणि तीन शिकणारी मुले, तिथे काय झाले ते आमच्या आया-बहिणींना विचारावे. म्हणून पाच-सहा हजार जमवता येत असतील आणि घरात अभ्यासाला यंत्रच नसेल, तर आमची पसंती आजच्या अँड्रॉइडवर चालणाऱ्या साध्या टॅब्लेटला आणि बटणांच्या वेगळ्या मुठीला. खेळ तिच्यावरही होतो. पैसे पाचशेच असतील तर छोटा डबा घ्या, पण तो छोटा डबाच आहे हे समजून घ्या.

बिल, शिक्का आणि तक्रार

आता कायद्याचे. भारतात विकायच्या व्हिडिओ गेमच्या सेटला आणि टॅब्लेटला भारतीय मानक ब्युरोची, म्हणजे बीआयएसची नोंदणी लागते. २०१२ च्या सरकारी आदेशाने ती सक्तीची झाली. खोक्यावर किंवा सेटच्या पाठीवर 'आर' अक्षर आणि त्यापुढे आठ आकड्यांचा नंबर असतो. 'बीआयएस केअर' नावाच्या मोफत अ‍ॅपमध्ये तो टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसते. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, वस्तू कोणत्या देशात बनली ते, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापणे बंधनकारक आहे. यातले काहीच नसेल तर माल बिघडल्यावर तुम्ही कुणाचा दरवाजा ठोठावणार?

बिल मागा. चारशे रुपयांच्या वस्तूचे कसले बिल, असे कुणी हसून म्हणाले तरी मागा. चारशे रुपये म्हणजे आमच्याकडे कुणाची तरी दिवसभराची मजुरी असते. तक्रार करायची तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. त्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. रायगडचा आयोग अलिबागला आहे, म्हणजे किहीमहून एसटीच्या टप्प्यात. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला तिथे फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असेही नाही.

शेवटी एक काम आई-वडिलांनी न करता मुलावर सोपवावे, अशी आमची सूचना आहे. दुकानात गेल्यावर खोके मुलाच्याच हातात द्या. पडदा किती इंचांचा, बॅटरी केवढी, नंबर कुठे छापलाय, वस्तू कुणी आयात केली, हे त्यालाच वाचून दाखवायला सांगा. न समजलेला शब्द त्यालाच दुकानदाराला विचारू द्या. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्या. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे सहज जमते, आणि एकदा जमले की पुढे मिक्सर घेताना, पंखा घेताना, आजीसाठी मोबाइल घेताना घरात पारख करणारे एक माणूस तयार असते. चारशे खेळांच्या आकड्यावर बोट ठेवून 'यातले खरे किती?' असे त्याने दुकानदाराला विचारले, तर घरी परतताना एसटीत त्याला खिडकीची जागा द्या.

जयभीम.